दोन गायक, एक जागा : किंबॉल-जेमिसन (2011)

तारसप्तक

1984 साली दोन गायकांच्या आयुष्यात जागांची उलथापालथ झाली. लॉस एंजेलिसच्या 'टोटो' या बँडमधून बॉबी किंबॉलला बाहेर पडावे लागले. जेमतेम वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी 1983 मध्ये, 'टोटो फोर' हा वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि त्यातले 'रोझाना' हे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरून दोन्ही मोठे ग्रॅमी पुरस्कार या बँडच्या घरी गेले होते. इकडे शिकागो परिसरातल्या 'सर्व्हायव्हर' या बँडचा गायक डेव्ह बिकलर गळ्याच्या दुखण्यामुळे दूर झाला होता आणि त्याच्या जागी, त्याच 1984 मध्ये, मेम्फिसमध्ये वाढलेला जिमी जेमिसन उभा राहिला. एकाची जागा गेली आणि दुसऱ्याला दुसऱ्या कोणाची तरी जागा मिळाली. पुढे सत्तावीस वर्षांनी, ऑक्टोबर 2011 मध्ये, या दोघांचा मिळून एक अल्बम आला आणि त्याला नाव म्हणून फक्त दोघांची आडनावे दिली गेली.

हा चर्चेचा धागा त्या अल्बमविषयी आहे. तो गेली काही वर्षे मी पुन्हापुन्हा ऐकतो आहे, आणि दर वेळी मला वाटते की त्याच्याकडे 'जुन्या गायकांची आठवणींची मैफल' म्हणून पाहिले गेले, म्हणून त्याला मिळायला हवा होता तेवढा कान मिळाला नाही.

आधी आवाजांबद्दल बोलू. किंबॉल टेक्सासमधल्या ऑरेंज या गावी 1947 साली जन्मला आणि सीमेपलीकडे लुइझियानात वाढला. त्याच्या गळ्यात त्या भागातले रिदम अँड ब्लूज पुरेपूर मुरलेले आहे. 1978 मधले 'टोटो'चे 'होल्ड द लाइन' ऐका. स्वर वर चढत जातो तसा तो चिरफाळतो, पण तो बेसूर होत नाही. कापड ताणल्यावर धागे दिसू लागावेत, तसा आवाजाचा पोत उघडा पडतो आणि तोच ऐकावासा वाटतो. जेमिसन त्याच्याहून चार वर्षांनी लहान, जन्म मिसिसिपीतला. त्याचा आवाज भरीव आणि उबदार आहे. तो स्वरावर आधी सरळ उभा राहतो, स्वर पुरता लागल्याची खात्री झाल्यासारखा क्षणभर थांबतो आणि मगच त्याला हलकेच आंदोलन देतो. 'सर्व्हायव्हर'च्या 'द सर्च इज ओव्हर' या गाण्यात, जे 1985 मध्ये अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, हे अगदी स्पष्ट ऐकू येते.

म्हणजे दोघेही उंच पट्टीचे पुरुषी आवाज, दोघांचेही मूळ अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सोल आणि गॉस्पेल गायनात. रॉकमधल्या जोडगाण्यांची रूढ वाट याच्या अगदी उलट आहे. तिथे एक खालचा आणि एक वरचा आवाज घेतात, म्हणजे ऐकणाऱ्याला कोण गातो आहे ते आपोआप कळते. 'राइचस ब्रदर्स' या जोडीचे 1964 मधले गाजलेले गाणे बिल मेडलीच्या इतक्या खोल स्वरात सुरू होते, की बॉबी हॅटफिल्डचा उंच आवाज आल्यावर एखादी खिडकी उघडल्यासारखे वाटते. 'डीप पर्पल' या बँडने 1974 मध्ये 'बर्न' या अल्बमवर हेच केले. डेव्हिड कव्हरडेलचा घोगरा, खालचा आवाज आणि त्यावरून उडी मारून जाणारा ग्लेन ह्यूजचा तार सप्तक.

किंबॉल आणि जेमिसन यांच्याकडे ही सोय नव्हती. दोघे एकाच मजल्यावर राहणारे शेजारी. मला या अल्बमबद्दल जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. आपण गाण्यात 'जागा' हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, म्हणजे ओळीतले ते ठिकाण जिथे गायक आपले काहीतरी ठेवून जातो, त्या अर्थाने या बारा गाण्यांत दोघे एकमेकांसाठी जागा सोडतात. एकाने ओळ संपवताना शेवटचा स्वर मुद्दाम साधा ठेवावा, कारण पुढची जागा दुसऱ्याची आहे, ही समज या अल्बममध्ये मला जागोजागी ऐकू येते. 'वर्थ फायटिंग फॉर' आणि 'कान्ट वेट फॉर लव्ह' ही दोन गाणी त्यासाठी हेडफोन लावून ऐकावीत, अशी सगळ्यांना विनंती आहे.

तुमचे मत वाचायला आवडेल, विशेषतः वेगळे असेल तर.

जुनी कॅसेट

लेखन मनापासून आवडले. एक खुलासा मात्र करतो, कारण हा गोंधळ आपल्या मित्रमंडळींत फार जुना आहे. 'सर्व्हायव्हर' म्हटले की सगळ्यांना 'रॉकी' या बॉक्सिंगच्या चित्रमालिकेतले 1982 चे ते वाघाचे गाणे, 'आय ऑफ द टायगर', आठवते, आणि ते जेमिसनने गायले असे कित्येक जण ठामपणे सांगतात. ते बिकलरचे आहे. त्याच चित्रमालिकेच्या चौथ्या भागातले, 1985 मधले 'बर्निंग हार्ट' हे जेमिसनचे, आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. आपल्याकडे रॉकीचे चित्रपट व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिलेल्या पिढीने दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकली आणि दोन गायकांचा एक गायक करून टाकला.

माझ्याकडे 'सर्व्हायव्हर'च्या 'व्हायटल साइन्स' या अल्बमची कॅसेट होती. मुंबईत काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून मामाने आणून दिली होती. दुसऱ्या बाजूची फीत एका ठिकाणी ताणली गेली होती, त्यामुळे तिथे जेमिसनचा स्वर किंचित खाली घसरून पुन्हा वर यायचा. पुढे सीडीवर तेच गाणे ऐकले, तेव्हा ती घसरण नव्हती आणि मला काहीतरी हरवल्यासारखे झाले. तो गायक नेमका तिथेच मींड घेतो, असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

तुम्ही म्हणता ते स्वरावर थांबणे आणि मग आंदोलन देणे, हे मी त्या फितीमुळेच शिकलो. बिघडलेली जागा सोडून उरलेल्या जागा मी इतक्या वेळा ऐकल्या, की त्या आवाजाची चाल पाठ झाली.

खर्ज

तारसप्तक, आपण विचारलेत म्हणून वेगळे मत मांडतो. ते अल्बमच्या विरोधात आहे, गायकांच्या विरोधात नाही.

हा अल्बम 'फ्रंटियर्स' या कंपनीचा. कंपनी इटलीतल्या नेपल्सची, 1996 मध्ये सेराफिनो पेरुजिनो यांनी सुरू केलेली, आणि तिचे नावच मुळी 'जर्नी' या बँडच्या 1983 मधल्या अल्बमवरून घेतलेले. त्यांचे या संगीतावर खरे प्रेम आहे, यात मला शंका नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी नव्वदच्या दशकात या गायकांकडे पाठ फिरवली, तेव्हा ज्यांनी त्यांना पुन्हा माइकसमोर उभे केले त्यांत ही कंपनी अग्रभागी होती. परंतु त्यांची काम करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. दोन नामवंत गायक निवडायचे, गाणी बाहेरच्या गीतकारांकडून गोळा करायची, वाद्यमेळ एका देशात वाजवून घ्यायचा, निर्माता नेमायचा आणि गायकांनी तयार पट्ट्यांवर, म्हणजे मुद्रित ट्रॅकवर, आपापला आवाज द्यायचा. 2005 मध्ये रसेल ॲलन आणि योर्न लांडे यांचा 'द बॅटल' असाच आला, ज्यातली गाणी स्वीडिश गिटारवादक मॅग्नस कार्लसनने लिहिली. 2010 मध्ये मिखाएल किस्के आणि अमांडा सॉमरव्हिल यांची जोडी आली. त्या साखळीतच 2011 चा हा अल्बम बसतो. मॅट सिनर हा जर्मन बासवादक किस्के-सॉमरव्हिल जोडीच्या मागेही होता आणि इथेही निर्माता तोच.

आता याच्यासमोर 2002 मधला ह्यूज-टर्नर प्रकल्प ठेवा. ग्लेन ह्यूज आणि जो लिन टर्नर दोघेही 'डीप पर्पल'मध्ये होऊन गेलेले, एक सत्तरच्या दशकाच्या मध्यात आणि दुसरा 1990 च्या आसपास. त्यांची भेट बँडमध्ये कधीच झाली नाही, पण एकाच घरात वेगवेगळ्या काळी राहिलेल्या भाडेकरूंसारखे ते एकमेकांच्या खोल्या ओळखून होते. ते एकत्र दौऱ्यावर गेले, टोकियोत एकाच मंचावर गायले. तिथे जागा सोडणे किंवा घेणे हे दोन माणसांमधले होते. किंबॉल-जेमिसनमध्ये जी समज आपल्याला ऐकू येते ती गायकांची आहे की पट्ट्या जुळवणाऱ्या निर्मात्याची, हे आपण कशावरून ठरवणार? आवाज वेगवेगळे मुद्रित करून जोडायचे असले, की कोणाची ओळ कुठे संपवायची ते कळफलकावर बसलेला माणूस ठरवतो.

तारसप्तक

खर्ज, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही सतावून गेला आहे. पण मला वाटते की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

कोणी कोणती ओळ गायची, हे निर्माता ठरवतो हे मान्य. परंतु ती ओळ कशी संपवायची, शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा की श्वास सोडायचा, हे गळ्यात ठरते. मुद्रित पट्टी कापून स्वर आखूड करता येतो, पण त्याचा उतार बदलता येत नाही. सुरांत दुरुस्त्या करणारी यंत्रणा कितीही पुढे गेली, तरी गायकाने स्वर सोडताना मनात कोणाला जागा दिली होती, ते ती उभे करू शकत नाही.

शिवाय किंबॉलला हे नवे नव्हते. 'रोझाना' पुन्हा ऐका. सुरुवात स्टीव्ह ल्युकॅथर करतो, तुलनेने खालच्या स्वरांत, जवळजवळ बोलल्यासारखी. पुढचे कडवे किंबॉल वरच्या स्वरांत उचलतो, आणि गाणे आतापर्यंत खालच्या खोलीत चालले होते हे तेव्हाच आपल्या ध्यानात येते. 'आफ्रिका'मध्ये कडवी डेव्हिड पेचची आहेत आणि किंबॉल धृपदात येऊन गाणे उंचावर नेतो. ते गाणे फेब्रुवारी 1983 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या बँडचा तो मुख्य गायक म्हणवला जात होता, त्या बँडची दोन सर्वांत गाजलेली गाणी तो दुसऱ्यांबरोबर वाटून गातो. आपल्या उंच आवाजाची वेळ येईपर्यंत थांबायची सवय त्याला तिशीतच लागली होती.

जेमिसनच्या बाबतीत हे उलट आहे. त्याच्या गाजलेल्या गाण्यांत तो एकटाच असतो, आणि म्हणून या अल्बममधला त्याचा संयम मला अधिक मोलाचा वाटतो. तो तेव्हा साठ वर्षांचा होता आणि आवाज बव्हंशी शाबूत होता. किंबॉल चौसष्ट वर्षांचा, आणि त्याच्या आवाजातले धागे आता अधिकच उघडे पडले होते. जेमिसनला मनात आणले असते तर प्रत्येक धृपदात तो शेजाऱ्याला झाकून टाकू शकला असता. मला तसे एकदाही ऐकू येत नाही. जिथे किंबॉलचा स्वर खरखरतो तिथे जेमिसन खालून आधार देतो, त्याच्यावर चढत नाही.

पेटीवाला

मी रॉकचा जाणकार नाही, पण भजनी मंडळात आणि मुलांच्या गाण्याच्या वर्गात पेटी धरून बराच काळ झाला आहे, म्हणून 'एकाच मजल्यावरचे शेजारी' यावर चार शब्द लिहितो.

दोन माणसे एकत्र गाणार म्हटली, की पेटीवाल्याचा पहिला प्रश्न पट्टीचा असतो. स्त्री आणि पुरुष गाणार असतील तर दोघांच्या सोयीच्या पट्टीत चार-पाच स्वरांचे अंतर सहज पडते. काळी एकला पुरुषाचा आवाज खुलतो, तिथे बाईंचा खर्जात अडकतो, आणि काळी चारला बाई सुखाने गातात, तेव्हा पुरुषाला एकतर ओरडावे लागते किंवा खालच्या सप्तकात जावे लागते. श्रीनिवास खळे यांनी भीमसेनजी आणि लताबाई यांना 'राम श्याम गुणगान'मध्ये एकत्र आणले, तेव्हा त्या रचनांमध्ये या अंतराचा किती बारीक विचार केला असेल, हे पेटी हातात धरणाऱ्यालाच कळते. एकीकडे खर्जापासून घुमणारा किराणा घराण्याचा आवाज आणि दुसरीकडे तार सप्तकात सहज तरंगणारा स्वर. तिथे अडचण पट्टीची असते आणि रंगांची अडचण मुळीच नसते, कारण दोन्ही रंग जन्मतःच वेगळे आहेत.

या दोघा अमेरिकी गायकांच्या बाबतीत सगळे उलट होते. पट्टीची अडचण शून्य, कारण दोघेही तीच पट्टी सुखाने गातात. अडचण सगळी रंगांची. माझ्या वर्गात एकाच वयाची, एकाच पट्टीची दोन मुले एकत्र गायला बसवली, की पहिले पंधरा मिनिटे दोघेही एकमेकांसारखे गाऊ लागतात. तो गातो तशी मुरकी हा घेतो, हा लांबवतो तेवढे तो लांबवतो. शेवटी मला त्यांना समोरासमोर न बसवता पाठीला पाठ लावून बसवावे लागते. एकमेकांचे तोंड दिसेनासे झाले की दोघांचेही गाणे आपापल्या जागेवर येते.

खर्ज यांनी वेगवेगळे मुद्रण हा दोष मानला आहे. मला वाटते, एकाच जातीच्या दोन आवाजांसाठी तो लाभही ठरत असावा. समोर दुसरा नसल्यामुळे नक्कल करण्याचा मोह होत नाही, आणि कानावर त्याची मुद्रित पट्टी आधीच वाजत असेल तर त्याने सोडलेली जागा नेमकी कळते. मी काल तुम्ही सांगितलेली दोन्ही गाणी ऐकली. धृपदात दोघे एकत्र येतात तेव्हा स्वरमेळामुळे भिंत उभी राहते, ते मला फार भावले नाही, कारण तिथे दोघांपैकी कोणीच उरत नाही. पण कडव्यांतली देवाणघेवाण सुरेख आहे. एक वाक्य संपताना दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो, तो श्वास कापून टाकायचा मोह निर्मात्याने आवरला, याबद्दल त्याला धन्यवाद द्यायला हवेत.

नवी पालवी

मी या संगीताकडे अलीकडेच वळले आहे. माझ्यासारखीने नेमके कोणत्या क्रमाने ऐकावे, तारसप्तक दादा? आधी दोघांची जुनी गाणी की थेट हा अल्बम? आणि इंग्रजी शब्द नीट कळले नाहीत तर काही बिघडते का?

जुनी कॅसेट

पालवीताई, शब्दांची काळजी करू नका. आम्ही कित्येक वर्षे शब्द चुकीचे ऐकून तसेच गात होतो. आधी जुनी गाणी ऐका एवढेच सुचवतो. माणूस तरुणपणी कसा दिसत होता ते माहीत असले, की त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वाचता येतात.

खर्ज

पेटीवाला यांचा मुद्दा मी आधी ध्यानात घेतला नव्हता. पाठीला पाठ लावून बसवण्याची गोष्ट वाचल्यावर मी रात्री पुन्हा अल्बम लावला. मत पूर्ण बदलले असे म्हणणार नाही. गाण्यांची रचना मला अजूनही एका साच्यातली वाटते, आणि ती गाणी या दोघांच्याच आयुष्यातून आली असती तर हा अल्बम कितीतरी मोठा झाला असता, हे म्हणणे मी सोडत नाही. ह्यूज आणि टर्नर यांच्याकडे ती ओढाताण आहे, एकमेकांना मागे टाकण्याची ईर्षा आहे, आणि मला रॉकमध्ये ईर्षा आवडते. पण 'आय डिड एव्हरीथिंग राँग' हे गाणे पहिल्यांदा मी अर्ध्यावर सोडले होते, ते या वेळी शेवटपर्यंत ऐकले. त्या शीर्षकाची कबुली साठी ओलांडलेल्या दोघांनी वाटून द्यावी, याला वजन आहे. तिशीतल्या गायकाच्या तोंडी ते नाटक वाटले असते.

तारसप्तक

खर्ज, ईर्षेबद्दल आपले आणि माझे मन कधीच जुळणार नाही, पण त्या गाण्यापाशी आपण दोघे भेटलो याचा मला मनापासून आनंद झाला.

पालवी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर नीट देतो. आधी 'होल्ड द लाइन' ऐक, मग 'रोझाना'. त्यानंतर 'व्हायटल साइन्स' हा 1984 चा अख्खा अल्बम, घाई न करता. 'आय कान्ट होल्ड बॅक'मध्ये जेमिसन कडव्यातून धृपदाकडे कसा चढतो ते ध्यानात ठेव. मग 'बर्निंग हार्ट'. एवढे झाले की दोन दिवस काहीच ऐकू नकोस आणि त्यानंतर 2011 चा अल्बम लाव. पहिल्या फेरीत कोण कोणती ओळ गातो हे ओळखायचा प्रयत्न कर. चुकशील, मीही चुकलो होतो. स्वर लागताच खरखरला तर तो बहुधा किंबॉल असतो आणि स्वर आधी सरळ उभा राहिला तर जेमिसन. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हे ओळखावे लागत नाही, ते आपोआप ऐकू येते.

पेटीवाला, धृपदातल्या भिंतीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. या प्रकारच्या संगीताची ती रूढीच आहे. धृपदात एकाच आवाजाचे चार-चार थर लावायचे आणि वर स्वरमेळ चढवायचा, ही सवय ऐंशीच्या दशकापासूनची. दोन मुख्य गायक असताना तरी ती मोडायला हवी होती. एखाद्या गाण्यात धृपदही दोन उघड्या आवाजांत ठेवले असते, तर आपण आज इथे वेगळीच चर्चा करत असतो.

जागांच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा राहिला. किंबॉल 1998 मध्ये 'टोटो'मध्ये परतला आणि 2008 पर्यंत तिथे गायला, म्हणजे या अल्बमच्या वेळी त्याची जागा दुसऱ्यांदा सुटलेली होती. जेमिसन मात्र हा अल्बम आला त्या सुमारासच, 2011 च्या अखेरीस, 'सर्व्हायव्हर'मध्ये परत गेला. आणि 2013 मध्ये त्या बँडने असा निर्णय घेतला, जो रॉकच्या जगात क्वचित घेतला जातो. त्यांनी डेव्ह बिकलरलाही परत बोलावले आणि जेमिसनला ठेवूनच बोलावले. ज्याच्या जागी जेमिसन 1984 मध्ये उभा राहिला होता, तो माणूस जवळपास तीस वर्षांनी त्याच्या शेजारी दुसऱ्या माइकसमोर उभा राहिला, आणि 'जुनी कॅसेट' यांनी वर सांगितलेल्या दोन्ही गाण्यांचे खरे गायक एकाच मंचावर आले. 2014 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी जेमिसन गेला, तेव्हाही त्या बँडमध्ये दोन गायक होते.

त्या काळातल्या कार्यक्रमांची प्रेक्षकांनी टिपलेली काही चित्रणे उपलब्ध आहेत. आवाज फारसा चांगला नाही, पण बिकलर गात असताना जेमिसन माइकपासून किती मागे सरकून उभा राहतो, तेवढे जरूर पाहा.